ममीपटांची ओळख : कबर कोणाची, उत्खनन कोणाचे?

डमडम (कोलकाता) – पट्ट्यांत गुंडाळलेले हजारो वर्षांचे प्रेत उठून चालू लागते, या एका कल्पनेवर पाश्चात्त्य चित्रसृष्टीने एका शतकाहून अधिक काळ भयपट काढले. त्यांतील बरेचसे आज विस्मरणात गेले असले तरी चार-पाच चित्रपट मात्र आवर्जून पाहावेत असे आहेत. ते पाहताना भीती फारशी वाटत नाही. त्याऐवजी एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहतो. दुसऱ्याची कबर उकरण्याचा आणि त्यातील देह आपल्या गावी नेऊन काचेत मांडण्याचा अधिकार कोणाला आहे? लंडनमधील किंवा न्यूयॉर्कमधील प्रेक्षक या प्रश्नाकडे ज्या बाजूने पाहतो, त्या बाजूला भारतीय प्रेक्षक बसलेला नसतो. जुने ममीपट आपल्याला अधिक रंजक वाटण्याचे कारण बहुधा हेच आहे.

या विषयाची सुरुवात डमडमपासून करण्यास कारण आहे. मराठी बखरी वाचणाऱ्यांना 'दमदमा' हा शब्द परिचित आहे. तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा, असा त्याचा अर्थ. डमडमचे नाव त्यावरूनच पडल्याचे मानले जाते. बंगालच्या तोफखान्याचे मुख्यालय १७८३ ते १८५३ या काळात येथेच होते. येथील क्लाइव्ह हाउस या पडक्या वास्तूखालील टेकाडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या शतकाच्या आरंभी उत्खनन केले, तेव्हा इंग्रज येण्यापूर्वी कितीतरी शतके येथे नांदलेल्या वस्तीचे अवशेष हाती लागले. साम्राज्याच्या बंगल्याखाली दुसऱ्याच कोणाचे तरी घर निघावे, ही ममीपटात शोभणारी घटना डमडममध्ये प्रत्यक्ष घडली आहे.

दुसरा धागा विमानांचा आहे. इंपीरियल एअरवेजची लंडनहून इजिप्तमार्गे कराचीपर्यंत येणारी सेवा १९३३ मध्ये कोलकात्यापर्यंत वाढवण्यात आली आणि डमडमचा विमानतळ कैरोशी जोडला गेला. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९३२ मध्ये, अमेरिकेत 'द ममी' प्रदर्शित झाला होता. इजिप्त पाहायला जाणे ही तोपर्यंत श्रीमंत युरोपियनांची चैन बनली होती आणि चित्रपटाने त्याच चैनीला भुताची जोड दिली.

शब्द, औषध आणि शाप

'ममी' हा शब्द फारसी-अरबी 'मूमिया'वरून आला. मूमिया म्हणजे डांबरासारखा काळा पदार्थ. युनानी वैद्यकातील 'मोमियाई' याच कुळातील आहे. इजिप्तमधील जतन केलेल्या देहांवरचा काळा लेप म्हणजे मूमियाच होय, अशा समजुतीने युरोपात कित्येक शतके ममींची पूड करून ती औषध म्हणून विकण्यात येत असे. ममीने माणसे खाल्ल्याचे चित्रपट नंतर निघाले. त्याआधी माणसांनीच ममी खाल्ल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात ममी कथा-कादंबऱ्यांत शिरली. जेन लाउडन यांची 'द ममी' ही कादंबरी १८२७ ची. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९० मध्ये 'द रिंग ऑफ थोथ' आणि १८९२ मध्ये 'लॉट नंबर २४९' या कथा लिहिल्या. पहिल्या कथेत हजारो वर्षे जिवंत राहिलेला इजिप्शियन प्रियकर आहे, तर दुसरीत धन्याच्या हुकमावरून खून करणारी ममी आहे. पुढील सर्व ममीपट या दोन कथांपैकी एकीच्या वाटेने गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यानंतर ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर यांच्या चमूला तुतनखामेनच्या कबरीची पहिली पायरी सापडली. या उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरो येथे मरण पावले. डास चावल्याची जखम चिघळून रक्तदोष झाला होता. वृत्तपत्रांनी मात्र शापाची बातमी केली. कबर उघडणारे स्वतः कार्टर १९३९ पर्यंत हयात होते, याची फारशी बातमी झाली नाही. त्या काळी इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्य व्यक्तींच्या आयुर्मानाचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००२ साली प्रसिद्ध झाला. कबरीशी संबंध आलेल्यांचे आयुष्य त्यामुळे घटल्याचा कोणताही पुरावा त्यात आढळला नाही.

'द ममी', १९३२

कोणत्याही रसिकाने प्रारंभ येथूनच करावा. युनिव्हर्सल कंपनीचा हा चित्रपट अवघ्या सव्वा तासाचा आहे. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड हे मूळचे जर्मन छायालेखक. 'मेट्रोपोलिस' आणि १९३१ चा 'ड्रॅक्युला' यांचे छायालेखन त्यांनी केले होते. पटकथाकार जॉन बाल्डरस्टन यांनी पत्रकार या नात्याने तुतनखामेनच्या कबरीच्या बातम्या दिल्या होत्या. त्यामुळे उत्खननाच्या तंबूतील वातावरण, कागदपत्रे, वस्तूंवर हक्क कोणाचा यावरची धुसफूस हे सारे चित्रपटात खरे वाटते.

नव्या प्रेक्षकाची पहिली तक्रार ठरलेली असते. ममी आहे कुठे? पट्ट्यांतील ममी येथे केवळ सुरुवातीच्या काही मिनिटांत दिसते, आणि चालताना तर दिसतच नाही. तरुण संशोधक एका गुंडाळीतील मजकूर पुटपुटत उतरवून घेत आहे. मागे शवपेटीत ममी उभी आहे. तिचे डोळे किंचित उघडतात. छातीवरचे हात सावकाश सुटतात. पुढचे दृश्य संशोधकाच्या टेबलाचे. कॅमेऱ्याच्या चौकटीत एक हात येतो आणि गुंडाळी उचलतो. त्यानंतर दाराबाहेर सरपटत जाणारी पट्टीची दोन टोके आणि वेड लागलेल्या तरुणाचे न थांबणारे हसू, एवढेच. संगीत नाही, किंकाळीचा गोंगाट नाही. भयपटाच्या इतिहासात इतके थोडे दाखवून इतके साधलेली दृश्ये मोजकीच असतील.

या काही मिनिटांसाठी रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी नायक बोरिस कार्लोफ यांच्या देहावर सुमारे आठ तास काम केले. कापूस, चिकट द्रव, माती आणि पट्ट्या यांचे थर चढवल्यानंतर रात्री उशिरापर्यंत चित्रीकरण चालले आणि मग तो सारा साज उतरवण्यातही काही तास गेले. उर्वरित चित्रपटात कार्लोफ पट्ट्यांविना, अर्दथ बे या सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या इजिप्शियन गृहस्थाच्या रूपात वावरतात. ही ममी बोलते, वाद घालते आणि कोणालाही शरीराचा स्पर्श होऊ देत नाही. तिची इच्छा एकच आहे. जिच्यासाठी जिवंत पुरले जाण्याची शिक्षा भोगली, ती राजकन्या परत मिळावी.

येथे भारतीय प्रेक्षकाला ओळखीचे काहीतरी सापडते. नायिका ही त्या राजकन्येचा पुनर्जन्म आहे. कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९) किंवा बिमल रॉय यांचा, ऋत्विक घटक यांनी लिहिलेला 'मधुमती' (१९५८) पाहिलेल्यांना हा कथाभाग नवा वाटणार नाही. वस्तुतः प्राचीन इजिप्तच्या धर्मात या अर्थाचा पुनर्जन्म नव्हता. मृताला त्याच देहासह पुढचे जीवन लाभावे, म्हणून तर देह जतन केला जाई. दुसऱ्या देहात पुन्हा जन्म घेण्याची कल्पना हॉलिवूडने बाहेरून आणून इजिप्तच्या अंगावर चढवली, आणि त्या काळच्या पश्चिमेत ती लोकप्रिय होण्यात भारतीय तत्त्वज्ञानाच्या आकर्षणाचा वाटा होता. नायिकेचे अनेक शतकांतील जन्म दाखवणारा एक मोठा भाग चित्रित झाला होता, मात्र अंतिम संकलनात तो गाळण्यात आला. झिटा योहान यांच्या अभिनयातील हरवलेपणा त्या गाळलेल्या भागाची आठवण करून देतो.

चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचा संवाद भीतीचा नाही. अर्दथ बे इंग्रज संशोधकांना राजकन्येच्या कबरीची जागा दाखवतो आणि शांतपणे सुनावतो, की आपले पूर्वज उकरून काढण्याची परवानगी इजिप्शियनांना नाही, ती फक्त परदेशी संग्रहालयांना आहे. राक्षसाच्या तोंडी दिलेले हे वाक्य चित्रपटातील सर्वांत न्याय्य वाक्य आहे. निर्मात्यांना ते अभिप्रेत असो वा नसो, १९३२ साली वसाहतीत राहणाऱ्या प्रेक्षकाला ते कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करता येते.

कार्लोफ आणि नगर

बोरिस कार्लोफ यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडन येथे, २३ नोव्हेंबर १८८७ चा. त्यांचे वडील हिंदुस्थानात मीठ महसूल खात्यात नोकरीस होते. वडिलांची आई एलायझा ज्युलिया एडवर्ड्स ही ॲना लिओनोवेन्स यांची सख्खी बहीण. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणाऱ्या आणि 'द किंग अँड आय' या संगीतिकेमुळे जगभर माहीत झालेल्या याच त्या ॲना. त्यांचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे, मुंबई इलाख्याच्या लष्करातील एका साध्या शिपायाच्या घरी झाला. त्यांच्या आजीकडून भारतीय रक्त आले असावे असे संशोधकांचे मत आहे, पण ॲना यांनी हे मूळ आयुष्यभर लपवले आणि आपण वेल्समध्ये जन्मल्याचे सांगितले.

कार्लोफ यांच्या सावळ्या वर्णामुळे हॉलिवूडमध्ये त्यांना अरब, भारतीय, चिनी अशा 'परक्या' भूमिका सहज मिळत गेल्या. छावणीच्या गावातून निघालेल्या एका कुटुंबाने तीन पिढ्या आपले पौर्वात्य मूळ झाकावे आणि त्याच घरातील मुलाने पूर्वेकडून उठून आलेल्या मृताची भूमिका करून अजरामर व्हावे, हा योगायोग कोणत्याही पटकथाकाराला सुचला नसता. महाराष्ट्रात हा धागा फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही.

खारिसची मालिका

पुढील काळात युनिव्हर्सलने बोलणारी ममी सोडून दिली. 'द ममीज हँड' (१९४०) मध्ये टॉम टायलर यांनी रंगवलेला खारिस आला. तो मुका, लंगडत चालणारा आणि पुजाऱ्याच्या हुकमाचा ताबेदार. ताना नावाच्या काल्पनिक वनस्पतीची तीन पाने उकळून दिली की त्याचे हृदय चालू राहते, नऊ दिली की तो चालू लागतो. 'द ममीज टूम' (१९४२), 'द ममीज घोस्ट' (१९४४) आणि 'द ममीज कर्स' (१९४४) या तीन पटांत लॉन चेनी कनिष्ठ यांनी ही भूमिका केली. आज जनमानसात असलेली ममीची प्रतिमा, म्हणजे पसरलेला हात, ओढत टाकलेला पाय, घशातील घरघर, ती खारिसची आहे. कार्लोफची नव्हे.

या मालिकेवर वेळ किती खर्चावा? सगळे चित्रपट पाहण्याचा आग्रह धरू नये. जुन्या चित्रपटांतील तुकडे पुन्हापुन्हा वापरलेले आहेत आणि लंगड्या ममीपुढे धावणारी माणसे सापडतात कशी, हे कोडे शेवटपर्यंत सुटत नाही. तरीही 'द ममीज कर्स'मधील एक दृश्य चुकवू नये. लुइझियानाच्या दलदलीत चिखलाने माखलेली राजकन्या अनांका मातीतून हळूहळू बाहेर येते आणि डोळे मिटूनच सूर्याकडे तोंड करते. व्हर्जिनिया ख्रिस्टीन यांच्या या काही क्षणांत संपूर्ण मालिकेत नसलेली करुणा आहे. १९५५ मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीने ममीची यथेच्छ टिंगल केली आणि युनिव्हर्सलचे हे पर्व संपले.

रंगीत ममी : हॅमर

ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५९ मध्ये 'द ममी' नव्याने काढला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पुरातत्त्वज्ञाच्या भूमिकेत पीटर कुशिंग, खारिसच्या भूमिकेत ख्रिस्तोफर ली. ही ममी मात्र वेगाने चालते. दारे मोडते, दलदलीतून सरळ वर येते. लींच्या चेहऱ्यावरील पट्ट्यांत केवळ डोळे मोकळे होते आणि त्यांनी सारा अभिनय त्या डोळ्यांवर तोलला. नायिकेचा चेहरा पाहताच हा दैत्य थबकतो, ते दृश्य त्यासाठीच पाहावे. बंदुकीच्या गोळ्यांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. (डमडमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात तयार झालेली, शरीरात शिरताच फुलणारी गोळी इतकी क्रूर ठरली, की १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव झाला. ममीवर तिचा उपयोग झाला असता की नाही, हे चित्रपटकर्त्यांनी तपासलेले नाही.)

याच पटात कुशिंग आणि जॉर्ज पॅस्टेल यांची एका बैठकीच्या खोलीत झडणारी जुगलबंदी आहे. पॅस्टेल यांनी रंगवलेला मेहमेत बे विचारतो, की मृतांच्या शांततेचा भंग करताना तुम्हाला काहीच वाटत नाही का? कुशिंग यांचा नायक त्याला चिथावण्यासाठी मुद्दाम त्याच्या दैवताची हेटाळणी करतो. कथेच्या हिशेबाने नायक जिंकतो. वादात मात्र तो जिंकला असे वाटत नाही.

हॅमरचे पुढील दोन ममीपट (१९६४ आणि १९६७) सामान्य आहेत. १९७१ चा 'ब्लड फ्रॉम द ममीज टूम' मात्र वेगळा आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या १९०३ मधील कादंबरीवर आधारलेल्या या पटात पट्ट्या नाहीतच. हजारो वर्षे न कुजलेली एक राणी आहे आणि लंडनमधील एका तरुणीवर तिचा पडत जाणारा ताबा आहे. पत्नीच्या आजारपणामुळे कुशिंग यांना चित्रीकरण सोडावे लागले आणि दिग्दर्शक सेथ होल्ट यांचा काम पूर्ण होण्याआधीच मृत्यू झाला. शापाची चर्चा अर्थातच झाली.

आपल्याकडे ममी का रुजली नाही

रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून 'वीराना' (१९८८) पर्यंत असंख्य प्रेते उठवली, परंतु हिंदी किंवा मराठी पडद्यावर ममीची परंपरा निर्माण झाली नाही. कारण उघड आहे. जेथे बहुसंख्यांचा देह चितेवर जातो, तेथे जतन केलेल्या देहाचे भय कसे रुजणार? आपले भूत बिनदेहाचे असते, झाडावर किंवा माणसाच्या अंगात राहते. ममीच्या सर्वांत जवळ जाणारी आपली कल्पना वेताळाची. तो प्रेतात शिरतो, पण तेथे तो भाडेकरू असतो. शिवाय तो पाहुण्याला शहाणपणाच्या गोष्टी सांगतो.

बंगालीत मात्र ममीला वाचक मिळाले, आणि त्याचे एक कारण कोलकात्यातील संग्रहालयाची ममी हे असावे. सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शंकूच्या आरंभीच्या कथांपैकी एक इजिप्तवरच आहे. ममी घेऊन घरी परतलेल्या शास्त्रज्ञाचा पाठलाग तिच्यावर आपला हक्क सांगणारा माणूस करतो, ही तिची मध्यवर्ती कल्पना. सुनील गंगोपाध्याय यांच्या काकाबाबूंच्या इजिप्तवरील कादंबरीवरून सृजित मुखर्जी यांनी २०१३ मध्ये 'मिशर रहस्य' हा चित्रपट केला. दोन्हींत भीतीपेक्षा कुतूहल अधिक आहे.

भयपट नसलेला ममीपट

या विषयावरील सर्वश्रेष्ठ चित्रपट इजिप्शियन माणसाने केला आणि तो भयपट नाही. शादी अब्देल सलाम यांचा 'अल मुमिया' (१९६९) १८८१ मधील सत्य घटनेवर आधारलेला आहे. देर अल बहारी येथील कड्यात लपवलेल्या राजांच्या ममींचा ठाव एका स्थानिक घराण्याला लागला होता आणि त्यांतील वस्तू चोरून विकण्यावर त्यांचा निर्वाह चालला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर हे गुपित मुलाला कळते. गप्प राहिले तर पूर्वजांना विकून जगावे लागेल, कैरोच्या अधिकाऱ्यांना सांगितले तर आपलीच माणसे उपाशी मरतील. अर्दथ बेच्या त्या वाक्याचे सविस्तर उत्तर या पेचात आहे, आणि ते सोपे नाही. अखेरीस पहाटेच्या अंधुक उजेडात शवपेट्या खांद्यावरून नाईलकडे नेल्या जातात, ती मिरवणूक संथ आणि जवळजवळ नि:शब्द आहे. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने २००९ मध्ये या चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले. पुनरुज्जीवित प्रतच पाहावी, कारण जुन्या प्रतींत रंग पार उडालेले आहेत.

त्या गुप्त साठ्यातील दुसरा रामसेस याच्यासह एकूण २२ राजा-राण्यांच्या ममी ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोतील तहरीर चौकातून नव्या राष्ट्रीय संग्रहालयात राजेशाही मिरवणुकीने हलवण्यात आल्या. तेथे तोफांची सलामीही झाली.

१९९९ चा स्टीफन सॉमर्स यांचा 'द ममी' आणि त्याचे पुढील भाग भारतातही खूप चालले. ते साहसपट म्हणून उत्तम आहेत, मात्र १९३२ च्या पटातून त्यांनी इमहोतेप हे नाव आणि प्रेमकथेचा सांगाडा तेवढा घेतला. (खरा इमहोतेप हा जोसेर राजाचा मंत्री आणि पायऱ्यांच्या पिरॅमिडचा शिल्पकार म्हणून ख्यात होता, आणि पुढे त्याला देव मानण्यात आले.) नव्या प्रेक्षकाने १९३२, १९५९ आणि 'अल मुमिया' या क्रमाने तीन चित्रपट पाहावेत. १९३२ चा पट रात्री, दिवे मालवून आणि एका बैठकीत पाहावा. मध्ये थांबल्यास त्याची संथ लय तुटते.

प्रत्यक्ष ममी पाहू इच्छिणाऱ्यांसाठी भारतात काही मोजकी ठिकाणे आहेत. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव गायकवाड यांच्या काळात आणलेली ममी आहे. हैदराबाद, जयपूर आणि लखनौ येथेही ममी आहेत. कोलकात्याची ममी ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील लेफ्टनंट आर्चबोल्ड यांनी १८३४ मध्ये एशियाटिक सोसायटीला भेट दिली आणि पुढे ती भारतीय संग्रहालयात आली. हे संग्रहालय १८१४ मध्ये स्थापन झाले. डमडम स्थानकावरून मेट्रोने पार्क स्ट्रीटला उतरल्यास ते चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते.